परदेशी विद्यार्थी? गोव्यात १५४८ पासून आहेत!

साखळीला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटलं तर पहिलं हसू साखळीकरालाच येईल. वाळवंटी नदी, बाजार, राण्यांचा वाडा, दत्तमंदिर, सरकारी महाविद्यालय आणि पणजीची बस, एवढ्यात गाव आटोपतं. पण जरा डोंगरांकडे बघा. इथलं लोहखनिज काढणारी सेसा गोवा कंपनी १९५४ साली इटालियन भांडवलावर उभी राहिली. १९९६ साली ती जपानच्या मित्सुईकडे गेली, २००७ साली वेदांताकडे. डिचोली तालुक्यातली लाल माती बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला, पुढे चीनला पोचली. मातीने जग पाहिलं. माणसांचं काय?

हा प्रश्न आता सरकारी कागदांतही आला आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने विद्यापीठांना ‘आंतरराष्ट्रीय व्हा’ असं सांगितलं. पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय उघडायला सांगितलं आणि २०२२ साली मंजूर जागांवर २५ टक्के जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवायची मुभा दिली. तेव्हापासून एमओयूवर सह्या करतानाचे फोटो वाढले आहेत: दोन झेंडे, दोन फायली, एक शाल. फोटोत कोण कोण उभे आहेत ते कळतं. त्या करारावर पुढे कोण शिकायला आलं, ते सहसा कळत नाही.

गोव्याला खरं तर हे सगळं नवीन नाही. इथे हा उद्योग पावणेपाचशे वर्षं चालू आहे. कधी चांगल्या कारणाने, कधी वाईट. त्यातल्या काही गमती.

लिस्बन घरचं, बेळगाव परदेशातलं

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत साखळीच्या मुलाने बेळगावला किंवा मुंबईला कॉलेजात नाव घातलं की तो कायद्याने परदेशात शिकायला गेलेला असे. आणि हजारो मैलांवरच्या लिस्बनला गेला तर तो देशातल्या देशात! कागदोपत्री गोवा हा पोर्तुगालचा प्रांत होता ना. आजच्या भाषेत सांगायचं तर पेडण्याहून पत्रादेवी ओलांडून पलीकडे शिकायला गेलेला प्रत्येक जण ‘इंटरनॅशनल स्टुडंट’. १९५५ नंतर भारताने सीमा आवळली, तेव्हा तर ही ये-जा परवान्यांवर आली.

त्यात आणखी एक विनोद होता. पोर्तुगिजांच्या राज्यात गोव्यातल्या अनेक खासगी इंग्रजी शाळा मुलांना तयार करत ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकसाठी. म्हणजे राज्य एका देशाचं, परीक्षा दुसऱ्या देशाची आणि घरातली अक्षरओळख मराठी. तीन जगांत एकाच वेळी वावरायची ही सवय गोव्याच्या पोरांना कोणत्याही धोरणाने लावलेली नाही.

मुक्तीनंतर बरीच वर्षं पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्रच होतं. गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे: घराणं साखळीचं, शिक्षण अमेरिकेतलं. तीन वर्षांनी, १९८८ साली, साखळीत सरकारी महाविद्यालय आलं. ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठाची इमारत चित्रकार सतीश गुजराल यांच्या कल्पनेतली आहे. लहानपणी श्रवणशक्ती गमावलेला, मेक्सिकोत चित्रकला शिकून आलेला हा कलावंत. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पदवी नसलेल्या माणसाने पदव्या देणारी इमारत आखली, हे मला फार आवडतं.

पहिला जपानी विद्यार्थी फरार होता

जुन्या गोव्यात १५४०च्या दशकात सेंट पॉल कॉलेज उभं राहिलं. आफ्रिकेपासून चीनपर्यंतची मुलं तिथे शिकायला असत. १५४८ साली तिथे आंजिरो दाखल झाला, जपानमधल्या कागोशिमाचा. गावात त्याच्या हातून खून झाला होता म्हणतात. तो पोर्तुगीज जहाजावर चढून पळाला आणि मलाक्काला फ्रान्सिस झेवियरला भेटला. गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव पडलं पाउलो. पोर्तुगीज शिकला आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, दुभाषा म्हणून झेवियरला घेऊन परत कागोशिमाला उतरला. आजचा व्हिसा अधिकारी त्याच्या अर्जाकडे पाहून काय म्हणाला असता, कल्पना करा. पण युरोपला जपानची ओळख ज्यांच्यामुळे झाली, त्यांत गोव्यात शिकलेल्या या एका विद्यार्थ्याचा वाटा मोठा आहे.

त्याच कॉलेजात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला. तोही चुकून. यंत्र निघालं होतं अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्याला थांबलं, तिकडच्या राजाकडून होकार काही येईना आणि ते इथेच राहिलं. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात हा सगळा प्रवास वाचायला मिळतो.

एक मात्र विसरू नये. हा आंतरराष्ट्रीयपणा धर्मांतराच्या कारखान्यात तयार होत होता. त्याच शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. एका काठावर जपानी विद्यार्थी पोर्तुगीज गिरवत होता आणि दुसऱ्या काठावर देव आसरा शोधत होता. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात आहेत. फक्त पहिलीच सांगितली की पर्यटन खात्याचं माहितीपत्रक तयार होतं.

इंग्रज आला आणि ओव्या रचू लागला

थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. इंग्लंडमधला विल्टशरचा माणूस. साष्टीत राहिला, इथल्या भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं: सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. वापरलेली लिपी रोमन, पण चाल आपल्या पुराणांची. त्याने कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापून आलं आणि भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

खरी चटकदार गोष्ट वेगळीच आहे. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी त्याने गोव्याहून भावाला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात हीच कल्पना जाहीर मांडली ती १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी, आणि त्यातून तुलनात्मक भाषाशास्त्र नावाची अख्खी विद्याशाखा जन्माला आली. स्टीफन्सच्या निरीक्षणावर शोधनिबंध झाला नाही. घरगुती पत्रात संशोधन लिहिलं की असंच होतं.

सहलेखक: रंगभट, विनायक पंडित, आप्पुभट

परदेशी संशोधकाबरोबर निबंधावर नाव लागलं की आज विभागात पेढे वाटतात. हे प्रकरण १६७८चं आहे. मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेड याने तिथल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. आम्स्टरडॅमला त्याचा पहिला खंड निघाला तो १६७८ साली. त्याच्या सुरुवातीला कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, तेही नागरी लिपीत छापलेलं: रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट. पोर्तुगिजांच्या जाचाने गोवा सोडून गेलेल्या समाजातली ही माणसं. त्यांच्या जोडीला केरळचे वैद्य इट्टी अच्युदन. अनेकांना श्रेय नाकारणाऱ्या त्या काळात या चौघांची नावं ग्रंथाच्या दारातच आहेत. आजही एवढा प्रामाणिकपणा सगळीकडे सापडत नाही.

त्याच्याही आधी, १५६३ साली, गार्सिया द ऑर्ता या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचं संवादरूपी पुस्तक गोव्यातच छापलं. त्यात त्याच्या एका मित्राची कविताही आहे. मित्राचं नाव लुईश द कामोंइश! पुढे पोर्तुगालचा महाकवी झालेल्या माणसाची पहिली छापील कविता गोव्यात निघालेल्या औषधशास्त्राच्या पुस्तकात आहे. चार वर्षांत पुस्तकाचा लॅटिन संक्षेप युरोपात पोचला. ऑर्ता १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू. १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. ज्या शहराने त्याचं पुस्तक जगाला दिलं, त्याच शहराने हे केलं. बाहेरचा विद्वान बोलावणं सोपं असतं, त्याला त्याच्यासारखं राहू देणं कठीण.

या औषधी कथेचं ताजं प्रकरण पेडण्यातलं. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी, एकाच तालुक्यात दोन उद्घाटनं झाली: मोपाचा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था. दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. त्याच दिवशी पणजीत जागतिक आयुर्वेद परिषदेची सांगता होती. विमानातून उतरलेला परदेशी विद्यार्थी महामार्गाने थोड्याच वेळात आयुर्वेदाच्या वर्गात बसू शकेल, असा मांड तयार आहे. शिवाय राज्याचे मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हे साखळीचे आमदार आणि स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर, शिकले कोल्हापुरात. वर सांगितलेल्या हिशेबाने कोल्हापूर त्यांच्या वडिलांच्या तरुणपणी परदेश होतं!

तुरुंगातलं विद्यापीठ

कांदोळीत १७५६ साली जन्मलेला जुझे कुस्तोदियु फारिया, म्हणजे आबे फारिया, पंधराव्या वर्षी बापाबरोबर जहाजावर चढला. रोममध्ये डॉक्टरेट, फ्रान्समध्ये मार्सेय आणि नीम इथे तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी. पॅरिसमध्ये त्याचे संमोहनाचे प्रयोग गाजले. समोरच्याला झोप लागते ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या शक्तीने नाही, झोपणाऱ्याच्याच मनाने, हे त्याने ठासून सांगितलं. अलेक्झांडर द्युमाने पुढे त्याचं नाव उचलून ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये टाकलं. त्या कादंबरीतला आबे फारिया काळकोठडीत बसून नायकाला भाषा, गणित, इतिहास शिकवतो. शुल्क नाही, हजेरी नाही, पळून जायची सोय नाही. पणजीतला त्याचा पुतळा बाईवर हात पसरून उभा आहे आणि पर्यटक त्याला हमखास जादूगार समजतात.

बार्देशातल्याच आसगावचे मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १९०७ पासून ते लिस्बनमध्ये संस्कृत शिकवत. पोर्तुगीज विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवायला गोव्याचा पाद्री! आशियाई भाषांमधून पोर्तुगिजेत शिरलेल्या शब्दांचा त्यांचा दोन खंडांचा कोश १९१९ आणि १९२१ साली निघाला. अभ्यासक तो अजूनही उघडतात.

सांखवाळहून हार्वर्डला, पायी निघालेला

आता या सगळ्यांत माझा लाडका माणूस. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गाव सांखवाळ (साखळी नव्हे, हे मुरगाव तालुक्यातलं). शिक्षण जेमतेम मराठी शाळेपुरतं. बागायत बघायची, संसार करायचा, एवढंच समोर. पण मराठी मासिकातून बुद्धाची ओळख झाली आणि डोक्यात एकच गोष्ट बसली: बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. १८९९च्या अखेरीस घर सोडलं. पुण्यात रा. गो. भांडारकरांना भेटले, ग्वाल्हेर, काशी केली, नेपाळला गेले. नेपाळात बौद्ध धर्माची अवस्था पाहून खट्टू झाले. मग कळलं, पाली शिकायची तर सिलोनला जावं. गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. शिष्यवृत्ती नाही, करार नाही, शिफारसपत्राचाही पत्ता नाही. बराचसा प्रवास पायी, अनेकदा भिक्षा मागून.

मग चाक फिरलं. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले. त्यांना पाली उत्तम जाणणारा माणूस हवा होता, आणि तो सापडला गोव्याच्या एका खेड्यातला. १९१० साली धर्मानंद हार्वर्डला पोचले. काम होतं बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं. हेन्री क्लार्क वॉरेन या अमेरिकन अभ्यासकाने ते सुरू केलं होतं आणि अर्ध्यात टाकून तो वारला होता. तिथले वरिष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटका उडाला तसे धर्मानंद १९१२ साली परत आले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पण पुन्हा गेले, आणि पुन्हा. मधे १९२९ साली लेनिनग्राडलाही शिकवून आले. ‘विसुद्धिमग्ग’ची आवृत्ती हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत १९५० साली निघाली. वॉरेन तर कधीच गेला होता. धर्मानंदही १९४७ साली सेवाग्रामला गेले होते. दोघांनाही पुस्तक हातात धरता आलं नाही.

मला वाटतं, आंतरराष्ट्रीय विद्वत्तेचं सगळं मर्म या एका कथेत आहे आणि त्यात करार कुठेच नाही. पोर्तुगीज राज्यातला मराठी माणूस, सिलोनी गुरू, पाली ग्रंथ, अमेरिकन छापखाना. आणि फायदा कोणाला? पुण्याला. फर्ग्युसनमध्ये त्यांनी तयार केलेल्या पु. वि. बापट, ना. के. भागवत अशा विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रात पालीचा अभ्यास रुजवला. बाहेर जाऊन आलेला माणूस परत आल्यावर काय पेरतो, हे मोजायची पट्टी अजून तरी कोणत्या मूल्यांकन समितीकडे दिसलेली नाही.

१९१८च्या फेरीत ते मुलांना सोबत घेऊन गेले. त्यातला दामोदर १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. हेच गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गारगोटीची हत्यारं वेचत हिंडायचे. गोवा सरकार २००८ पासून त्यांच्या नावाने विचारांचा महोत्सव भरवतं. आणि शेवटची गंमत: ज्या सांखवाळमधून धर्मानंद शिक्षणासाठी बाहेर पडले, त्याच गावच्या हद्दीत, झुआरीनगरला, २००४ पासून बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस आहे. देशभरातली पोरं शिकायला आता तिथे येतात.

बर्लिनची ओळख, मडगावची सभा

पणजीच्या १८ जून रस्त्यावर खरेदी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ती तारीख बर्लिनच्या विद्यार्थीजीवनातून आली. डॉ. राममनोहर लोहिया आणि असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस यांची मैत्री दोघं बर्लिनमध्ये शिकत असताना झाली. लोहियांनी तिथे मिठावरच्या कराचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. १९४६ साली तुरुंगातून सुटून विश्रांतीला म्हणून ते मित्राच्या घरी, असोळण्याला आले. विश्रांती राहिली बाजूला. १८ जूनला मडगावला पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा झाली. विद्यार्थ्यांची ये-जा वाढली की काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. सरकारं मात्र हे उदाहरण देत नाहीत.

पेंग्विनांकडे जाणारी वाट मुरगावहून

साखळीच्या विज्ञान शाखेतल्या मुलांनी हे तर पाठच करावं. १९६०च्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचं सर्वेक्षण केलं. ती मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय दोना पावलाला. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली: २१ माणसं, नेते सय्यद झहूर कासिम, जहाज नॉर्वेचं. ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर पाऊल. आज ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे आणि तिचं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये, २००८ पासून. बारा महिने घामाघूम असलेल्या गावातून बर्फाचा कारभार चालतो.

कावीळ, खिडकी आणि आकडे

आता थोडं पुण्याकडे वळू. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते शां. ब. मुजुमदार, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. एके दिवशी त्यांना दिसलं की एक मुलगी खिडकीतून एका मुलाला डबा देते आहे. आता रेक्टर म्हटल्यावर संशय आलाच. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली आणि परक्या गावात त्याला जेवण द्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांना घर वाटावं म्हणून १९७१ साली सिंबायोसिस सुरू झालं. एका मोठ्या विद्यापीठाच्या मुळाशी धोरण नाही, पथ्याचा डबा आहे.

आणि उलट्या वाटेने आलेल्या मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठी बोलीवर पीएचडी केली, फलटणलाच राहिल्या, १९७८ साली भारतीय नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्थेत गावातल्या मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवत राहिल्या. परदेशी प्राध्यापक म्हणतात ते असे.

आता आकडे, एकदाच. २०२१-२२च्या सरकारी पाहणीत देशभरात परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८. त्यांत सर्वाधिक नेपाळचे. आणि २०२३-२४ साली एकट्या अमेरिकेत शिकणारे भारतीय ३,३१,६०२. हे अंतर बघून परदेशी विद्यापीठांनाच इथे बोलावायचं ठरलं. साउदॅम्प्टन गुरुग्रामला आलं, डीकिन आणि वूलोंगाँग गुजरातच्या गिफ्ट सिटीत. जून २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी ॲबर्डीन आणि यॉर्कसह पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं मिळाली. छान आहे. पण मुलगा घरी राहिला आणि फक्त पदवीवर परदेशी शिक्का आला, तर त्याला परदेश दिसला की नुसती फी दिसली?

मोरजीत रशियन पाट्या

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्याला या धोरणाची गरज कधी पडलीच नाही. मोरजीत दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत आहेत. हरमलला पर्यटक महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. कोणी योग शिकवतं, कोणी ढोल वाजवतं. शॅकवरचा पोऱ्या चार भाषांत हिशेब करतो. आणि तिथून आत विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं. बांद्याचं कुळकर्ण सोडून ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या दरबारापर्यंत पोचलेला हा अठराव्या शतकातला कवी, म्हणजे नावही फिरत्या माणसाचंच. किनारा आणि कॉलेज यांच्यात अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. हरमलला सहा महिने राहणाऱ्या रशियन बाईने विर्नोड्यात आठवड्यातून दोन तास रशियन शिकवलं आणि बदल्यात दशावताराची ओळख करून घेतली, तर कोणाच्या परवानगीचा फार मोठा प्रश्न येईल? येईलच म्हणा. व्हिसाचे नियम आहेत, मानधनाचं कलम आहे, अंकेक्षण आहे.

गोव्याकडे आणखी एक किल्ली आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ते मिळालेला मुलगा युरोपीय संघातल्या बहुतेक विद्यापीठांत युरोपीय विद्यार्थ्याचीच फी भरतो. त्या पासपोर्टावर गोव्याची पोरं बहुतेक नोकरीसाठी इंग्लंडला गेली. तोच कागद दाखवून कोइंब्राला शिकायला जाता येतं, हे घरात क्वचितच कोणी सांगतं.

मोडीही हवी आणि पोर्तुगीजही

मग साखळीने काय करावं? युरोपात इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली ती ३,२४४ विद्यार्थ्यांवर. साखळीचं महाविद्यालय पुढच्याच वर्षीचं, म्हणजे वयाने दोघं जवळपास बरोबरीची. साखळीला तीन हजार नकोत, दहा पुरेत. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीत सजवलेल्या होड्या सुटतात, तेव्हा काठावर उभे राहतील आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वर्गात बोलतील, एवढे दहा. पुण्यात अमेरिकन महाविद्यालयांचे विद्यार्थी अनेक वर्षं मराठी घरांत राहून मराठी शिकले. एलिनॉर झेलियटसारख्या अभ्यासकांनी त्यांना आणलं. साखळीत घरं मोठी आहेत, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायची पद्धत अजून मोडलेली नाही.

पण ते येतील कशासाठी? इथे एक नाव सांगतो. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर, जन्म १८९४, पिसुर्लें. साखळीहून होंड्याच्या अंगाने सत्तरीत गेलं की लागणारं गाव. पणजीच्या पुराभिलेखागाराचे ते प्रमुख झाले. पोर्तुगीज दरबाराच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी संपादित केले, पोर्तुगिजांच्या पदरी असलेल्या वकिलांवर पोर्तुगिजेत ग्रंथ लिहिला आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर मराठीत. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठात आहे. पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज कागदांशेजारी मोडीतले कागद आहेत आणि दोन्ही वाचू शकणारी माणसं फार थोडी. लिस्बनच्या संशोधकाला मोडी अडते, पुण्याच्या संशोधकाला पोर्तुगीज. साखळीच्या महाविद्यालयाने या दोन्हींचा एकत्र उन्हाळी अभ्यासक्रम काढावा, मोडी इथल्या शिक्षकाने शिकवावी, पोर्तुगीज ताळगावच्या विद्यापीठातून यावी आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना पणजीला कागदांपुढे बसवावं. जाहिरात तीन भाषांत द्यायची: मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी. फीचा तक्ता मात्र एकच ठेवा, आणि दुपारच्या जेवणात नुस्त्याचं हुमण असेल हे आधीच कळवा. शाकाहारी पुणेकरांसाठी खतखतें.